एल निनो एकटा नसतो

एप्रिल महिना निम्मा सरला, की हवामान खात्याचा पावसाचा पहिला अंदाज जाहीर होतो आणि पाठोपाठ गावच्या पारावर, बाजार समितीत, लोकलच्या डब्यात एक शब्द ऐकू येऊ लागतो : एल निनो. 'यंदा एल निनो आहे म्हणे,' असे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने उसासा टाकायचा. पूर्वी संसारातल्या सगळ्या विघ्नांचे खापर साडेसातीवर फोडले जाई. आता पावसाच्या सगळ्या लहरींचे खापर फोडायला आपल्याला हा परदेशी ग्रह मिळाला आहे. डाळ महागली, एल निनो. टँकर लागले, एल निनो. शब्द नवा असला, तरी मनाची सवय जुनीच आहे. संकटाला एक चेहरा आणि एक नाव मिळाले, की माणसाला बरे वाटते.

या सवयीबद्दल मला थोडे बोलायचे आहे. एल निनो खोटा आहे असे मुळीच नाही. तो खरा आहे, बलवान आहे आणि आपल्या पावसाशी त्याचे नाते आहे. पण तो एकटा नसतो. विषुववृत्तावरचा समुद्र आणि दूर उत्तरेचा थंड समुद्र यांच्यात अखंड देवाणघेवाण चालू असते. एक बोलतो, दुसरा ऐकतो, लक्षात ठेवतो आणि कधी कधी वर्षभराने उत्तर देतो. गेल्या तीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी हा संवाद बराचसा उलगडला आहे. तो समजून घेतला, तर पावसाकडे पाहण्याची आपली नजर बदलेल आणि कदाचित पाण्याचे नियोजन करण्याची रीतही.

आधी एल निनोची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते उन्हाने तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलत नेतात. तिकडे कोमट पाण्याचा साठा होतो, ढग जमतात, पाऊस कोसळतो. इकडे दक्षिण अमेरिकेच्या पेरू देशाच्या किनाऱ्याला खालचे गार, सकस पाणी वर येते आणि त्यावर माशांची चंगळ होते. दोन ते सात वर्षांतून कधी तरी हे वारे मलूल पडतात. पश्चिमेला साचलेले ऊबदार पाणी मग पूर्वेकडे परतू लागते आणि पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी हटते. हा गरम प्रवाह नाताळच्या सुमारास दिसे, म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले. एल निनो म्हणजे 'तो बाळ'.

१९७२ साल आठवा. माझ्या पिढीला ते वेगळे आठवावे लागत नाही. खडी फोडणारे हात, रांगेत मिळणारी सुकडी, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी हे सारे ज्याने पाहिले, तो ते विसरत नाही. त्या वर्षी देशात मोसमी पाऊस सरासरीच्या सुमारे ७६ टक्केच झाला. त्याच वर्षी पेरूमध्ये अँचोव्ही या छोट्या माशाचा धंदा बसला. १९७० साली जिथे सव्वा कोटी टनांच्या आसपास मासळी निघाली होती, तिथे १९७३ साली वीस लाख टनांच्या घरात आली. तिथे बेसुमार मासेमारीनेही हात दिला होता, हे खरे. तरी पेरूचा कोळी आणि मराठवाड्याचा शेतकरी एकाच वर्षी रिकाम्या हातांनी बसले होते आणि त्यांपैकी एकालाही दुसऱ्याची खबर नव्हती.

इथपर्यंतची कथा आता बहुतेकांना ठाऊक असते. पुढची कथा मात्र उत्तरेची आहे आणि तीही कोळ्यांपासूनच सुरू होते.

अलास्का हे अमेरिकेचे उत्तर टोक. तिथला सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत परततो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्कात सॅमनचे इतके दुर्भिक्ष झाले, की १९७३ साली सरकारला मासेमारीच्या परवान्यांवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. १९७४ साली साऱ्या अलास्कात अडीच कोटींहूनही कमी मासे हाती लागले. त्यानंतर काही वर्षांतच चित्र पालटले. मासळी वाढत गेली आणि १९९५ साली ती वीस कोटींच्या वर गेली. लोकांनी सरकारी धोरणाला शाबासकी दिली, माशांची पिल्ले वाढवून सोडणाऱ्या केंद्रांना श्रेय दिले. ते काही प्रमाणात रास्तही होते. पण त्याच वर्षांत दक्षिणेला वॉशिंग्टन, ओरेगॉन या राज्यांत कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला सॅमन मात्र आटत चालला होता. १९९२ साली तर आयडाहोतल्या रेडफिश तलावात सॉकाय जातीचा एकच मासा परतला. लोकांनी त्याला 'एकाकी लॅरी' असे नाव ठेवले. तिथे दोष धरणांना दिला गेला. धरणांचा दोष होताच आणि मोठा होता. तरी एक प्रश्न उरतोच : एका किनाऱ्यावर भरती आणि दुसऱ्यावर ओहोटी, तीही एकाच वेळी, हे कसे?

या प्रश्नाचा माग काढता काढता सिअ‍ॅटलच्या मंडळींच्या हाती एक मोठीच गोष्ट लागली. स्टीव्हन हेअर हे त्यांतले मत्स्यशास्त्रज्ञ. नेथन मँटुआ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९९७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून 'पॅसिफिक डेकेडल ऑसिलेशन' हे नाव रूढ झाले. आपण त्याला दशकी हेलकावा म्हणू. उत्तर प्रशांत महासागराचा मध्यभाग थंड आणि अमेरिकेचा किनारा उबदार, अशी एक अवस्था. याच्या उलट ती दुसरी. एकेक अवस्था वीस-तीस वर्षेही रेंगाळू शकते. १९२५ ते १९४६ उबदार, १९४७ ते १९७६ थंड आणि १९७७पासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत पुन्हा उबदार. उबदार अवस्था अलास्काच्या सॅमनला मानवते, दक्षिणेच्या सॅमनला मानवत नाही. अलास्कातली भरभराट सुरू झाली ती १९७७च्या पालटाबरोबर. कायदा, केंद्रे, धरणे या सगळ्यांच्या खाली समुद्र आपली कूस बदलत होता आणि वर माणसे एकमेकांना श्रेय आणि दोष वाटत होती.

आता मुख्य मुद्दा. विषुववृत्तावरचा एल निनो आणि उत्तरेचा हा दशकी हेलकावा वेगवेगळे आहेत, की एकाच घरचे?

दक्षिणेकडून उत्तरेकडे निरोप कसा जातो, हे आधी उलगडले. नॉर्वेत वाढलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले जेकब बर्कनीस यांनी १९६०च्या दशकातच त्याची दिशा दाखवली होती. एल निनोच्या वर्षी पावसाचे ढग इंडोनेशिया सोडून महासागराच्या मध्यावर येतात. तिथे वर चढणारी उष्ण हवा वातावरणाला एक धक्का देते आणि त्या धक्क्याच्या लाटा काही आठवड्यांत हजारो किलोमीटर उत्तरेला पोहोचतात. अलास्काच्या दक्षिणेला, अल्यूशियन बेटांजवळ, हिवाळ्यात हवेचा मोठा कमी दाब असतो. तो एल निनोच्या हिवाळ्यात अधिक खोल होतो. समुद्राच्या मध्यावर पश्चिमेचे वारे जोरात वाहून पाणी गार करतात. अमेरिकेच्या किनाऱ्याला दक्षिणेची ऊबदार हवा येते. म्हणजे मध्यभाग थंड, किनारा उबदार. दशकी हेलकाव्याची उबदार अवस्था ती हीच! विषुववृत्ताने तार ठोकावी आणि उत्तरेच्या समुद्राने ती आपल्या अंगावर उतरवून घ्यावी, असा हा प्रकार आहे.

पण तार तर क्षणाची. मग उत्तरेत तिचा परिणाम वर्षानुवर्षे का टिकतो? याचे उत्तर समुद्राच्या आठवणीत आहे. हिवाळ्यातली वादळे उत्तरेचा समुद्र शंभर-दीडशे मीटर खोलपर्यंत घुसळून काढतात आणि गारवा तितका खाली जातो. उन्हाळा आला, की वर वीस-तीस मीटरचा उबदार पाण्याचा थर बसतो आणि खालचा गारवा झाकला जातो. पेवात धान्य भरून तोंड लिंपून टाकावे, तसा. पुढच्या हिवाळ्यात वादळे पुन्हा घुसळतात, पेव उघडते आणि गेल्या वर्षीचा गारवा पृष्ठभागावर येतो. वरून पाहणाऱ्याला वाटावे, हा नवाच गारवा.

याला दुसरीही बाजू आहे. क्लाउस हासेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवले, की समुद्राला संथ हेलकावे घ्यायला वेगळ्या कारणाची गरजच नसते. रोज छापा-काटा करा आणि वहीत एक रुपया जमा किंवा वजा मांडा. रोजचा निकाल निव्वळ योगायोगाचा. पण वहीतली शिल्लक महिनोन् महिने एकाच बाजूला राहिलेली दिसेल. वारा म्हणजे रोजचा छापा-काटा, समुद्र म्हणजे ती वही. या विचाराची थोरवी एवढी, की २०२१ साली त्यांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे २००३ साली अमेरिकेतल्या मॅथ्यू न्यूमन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की एल निनोच्या तारा आणि उत्तरेच्या समुद्राची आठवण एवढी एकत्र केली, तरी दशकी हेलकाव्याचे बरेचसे रूप उभे राहते. म्हणजे तो स्वतंत्र घड्याळ नाही. तो बराचसा विषुववृत्ताच्या बोलण्याचा घुमत राहिलेला प्रतिध्वनी आहे. त्यात उत्तरेच्या वाऱ्यांचा आपला आवाजही मिसळलेला असतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर विषुववृत्त मालक आणि उत्तर नोकर, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण टाळी एका हाताने वाजत नाही.

उत्तरेचे उत्तर कसे येते, हे नव्या शतकाच्या आरंभी डॅनियल व्हिमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. उत्तर प्रशांत महासागरावर हिवाळ्यात हवेच्या दाबाचा एक झोका असतो. तो एका बाजूला झुकला, की हवाई बेटांच्या आसपासचे ईशान्येचे वारे मंदावतात. वारा मंद, म्हणून बाष्पीभवन कमी. बाष्पीभवन कमी, म्हणून समुद्र तापतो. हिवाळा संपतो, दाबाचा झोका विरून जातो, पण तापलेल्या पाण्याचा पट्टा मागे उरतो, ओल्या अंगणात पावले उमटावीत तसा. शास्त्रज्ञांनी या क्रियेला 'ऋतूंच्या पाऊलखुणा' अशा अर्थाचेच नाव दिले आहे. तो पट्टा नैर्ऋत्येकडचे वारे आणखी मंद करतो आणि असा सरकत सरकत उन्हाळ्यापर्यंत विषुववृत्ताच्या दाराशी येतो. तिथले वारे आधीच चळायच्या बेतात असले, तर एवढा टेकू पुरतो आणि पुढच्या हिवाळ्यात एल निनो उभा राहतो. दरवेळी असे होते असे नाही, पण अनेकदा होते. विषुववृत्त तार करते. उत्तर पोस्टकार्ड टाकते. ते पोहोचायला वर्ष लागते, पण पोहोचते.

या हिवाळी झोक्याचे नाव 'नॉर्थ पॅसिफिक ऑसिलेशन' आणि ते देणाऱ्या माणसाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि १९२४पर्यंत त्या पदावर राहिले. खात्याचा कारभार तेव्हा शिमल्याहून चाले. पुढे १९२८ साली मुख्यालय पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. तिथल्या चौकात रोज बससाठी थांबणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव कुठून आले, हे ठाऊक असेल? पाठीवर दुष्काळांची आठवण असलेल्या या देशाचा पाऊस आधी कसा सांगता येईल, एवढाच वॉकर यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी जगभरच्या दाब-तापमानाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्यातून तीन मोठे झोके शोधले. दक्षिणेचा झोका, जो पुढे एल निनोचाच जुळा भाऊ ठरला, उत्तर अटलांटिकचा, आणि उत्तर पॅसिफिकचा. दक्षिणेच्या झोक्याला कीर्ती मिळाली. उत्तर पॅसिफिकचा झोका कित्येक दशके बाजूला पडून होता. तोच एल निनोला दाराशी आणून सोडू शकतो, हे कळायला सत्तरेक वर्षे जावी लागली.

हा दुतर्फा व्यवहार प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो २०१३ ते २०१६ या काळात. २०१३च्या हिवाळ्यात अलास्काच्या आखाताजवळ वादळे फिरकेनाशी झाली आणि समुद्र नेहमीपेक्षा अडीच अंशांच्या आसपास जास्त तापला. वॉशिंग्टन राज्याचे हवामानतज्ज्ञ निक बाँड यांनी २०१४ साली त्या तापलेल्या पाण्याला 'ब्लॉब' म्हणजे गोळा असे नाव दिले. त्या हिवाळ्याच्या वाऱ्यांनी हवाईच्या बाजूला पाऊलखुणा उमटवल्या आणि विषुववृत्तावर आधी एक दुबळा एल निनो झाला. त्या एल निनोने उत्तरेला तार केली आणि उत्तरेची ऊब अमेरिकेच्या साऱ्या किनाऱ्यावर पसरली. लगोलग २०१५-१६चा एल निनो आला, तो नोंदींतल्या सर्वांत बलवानांपैकी एक. दरम्यान अन्नावाचून म्युर नावाचे समुद्रपक्षी लाखोंनी मेले, कॉड मासा इतका घटला, की २०२० साली अलास्काच्या आखातात केंद्र सरकारच्या हद्दीतली त्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. यात पहिला दोषी कोण, उत्तर की दक्षिण? हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी कोंबडी की आधी अंडे, असे विचारण्यासारखाच तो आहे.

आता आपल्या पावसाकडे येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले आर. कृष्णन आणि जपानचे मासातो सुगी यांनी २००३ साली जुन्या नोंदी तपासून दाखवले, की एल निनो आणि दशकी हेलकाव्याची उबदार अवस्था एकत्र आली, तर आपल्याकडे पावसाची तूट वाढण्याकडे कल असतो. २०१५ साल त्या चौकटीत बसते : दोन्ही उबदार आणि पाऊस सरासरीच्या ८६ टक्के. पण कल म्हणजे हुकूम नव्हे. १९७२ साली हेलकावा थंड अवस्थेत होता, तरी दुष्काळ पडला. १९९७ साली हेलकावा उबदार, एल निनो शतकातला सर्वांत बलवानांपैकी एक आणि पाऊस १०२ टक्के! त्या वर्षी हिंदी महासागराने आपले वजन दुसऱ्या पारड्यात टाकले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. उलट २००२ साली एल निनो मध्यम ताकदीचा होता, तरी पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. नुसते नाव ऐकून घाबरणारा १९९७ साली उगाच घाबरला असता आणि नुसती ताकद मोजणारा २००२ साली बेसावध राहिला असता.

दशकांचे आकडे पाहिले, की माझी काळजी अधिक वाढते. १९२१ ते १९६४ या चव्वेचाळीस वर्षांत देशव्यापी दुष्काळ तीनच पडले. १९६५ ते १९८७ या तेवीस वर्षांत दहा. त्यानंतर १९८८ ते २००१ अशी सलग चौदा वर्षे एकही नाही. या पालटांची वेळ पॅसिफिकच्या हेलकाव्याशी काट्याला काटा जुळत नाही आणि कोणी ती जुळवून दाखवू लागला, तर सावध राहावे. पण एवढे नक्की, की हवामान चांगल्या-वाईट वर्षांच्या माळा ओवते. समुद्राची आठवण लांब आहे आणि आपली आखूड. चार वर्षे धरण भरले, की पाचव्या वर्षी उसाचे क्षेत्र वाढते, विहिरीच्या जागी बोअर येते, नव्या वसाहतीला नळाचे आश्वासन दिले जाते. चांगल्या माळेतल्या वर्षांना आपण सरासरी समजतो. मग माळ तुटली, की एल निनोला शिव्या.

हवामान खाते आता शक्यतांच्या टक्केवारीसह अंदाज देते. पाऊस सरासरीइतका, कमी किंवा जास्त होण्याची शक्यता किती, हे त्यात लिहिलेले असते. ही प्रामाणिक भाषा आहे. आपणच ती वाचताना टक्के गाळतो आणि 'पडणार' किंवा 'नाही पडणार' एवढेच उचलतो. वर्तमानपत्रांचे मथळेही याला अपवाद नाहीत. ज्याच्या घरी बियाण्याचे एकच पोते आहे, त्याला तर टक्क्यांची भाषा जिल्ह्याच्या, पिकाच्या, पेरणीच्या तारखेच्या भाषेत कोणी तरी समजावून द्यायला हवी. ते काम समुद्राचे नाही, शासनाचे आहे आणि त्याला वीस-तीस वर्षांचा हिशेब लागतो. धरणातले पाणी कोणत्या पिकाला, भूजल किती उपसायचे, हे प्रश्न एका एप्रिलच्या अंदाजावर ठरवण्याचे नाहीत. वाईट माळ कधी ना कधी येणारच, असे धरून ते ठरवावे लागतील. आणि ते ठरवायची वेळ धरणे भरलेली असताना असते. टँकर सुरू झाल्यावर नव्हे.

अलास्काच्या लोकांनी भरतीचे श्रेय स्वतःकडे घेतले आणि ओरेगॉनच्या लोकांनी ओहोटीचा सारा दोष धरणांवर ठेवला. दोघांचे थोडे थोडे खरे होते. आपण तर समुद्रालाच दोषी ठरवून मोकळे होतो, हे त्याहून सोयीचे. तार आता आपल्याकडे बंद झाली, पोस्टकार्डही कोणी लिहीत नाही; पण दोन समुद्रांचा पत्रव्यवहार चालूच आहे. ती पत्रे आपल्या नावाने आलेली नसतात. तरी त्यांतला मजकूर आपल्या शिवारात उतरतो, म्हणून तो पुरता वाचायला शिकले पाहिजे, निव्वळ पाकिटावरचे नाव वाचून भागणार नाही.